टाकीपर्यंत जाऊन परत

८ जानेवारी

आजपासून वही लिहायची. बिवोतच्या हॉटेलात चहा ढोसणाऱ्या प्रत्येक रिकामटेकड्याला वाटतं की जेरुतो स्वतःच्या पायांच्या जोरावर जिंकते आणि कोच लागात नुसता बायकोच्या जिवावर बसून खातो. उद्या कुणी विचारलंच तर तोंडावर फेकायला लेखी पुरावा हवा, म्हणून ही वही.

काल जेवताना पुन्हा तेच तुणतुणं. "कोच, मला सालिनाताईंच्या कॅम्पात जाऊ द्या ना. पंधरा जणी एकत्र पळतात तिथं. एकटीनं पळून वेग वाढत नाही." (घरातसुद्धा ती मला कोचच म्हणते. ते वळण मीच लावलं.) मी सांगितलं, सालिनाच्या कॅम्पात बायका पळायला कमी आणि नवऱ्याला उलट बोलायला जास्त शिकतात. गेल्या वर्षी हेच खूळ डोक्यात शिरलं होतं, तेव्हापासून तिचा पासपोर्ट माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली माझ्या गळ्यात. ती परदेशी शर्यतीला जाईल ती मी म्हणेन तेव्हा आणि मी बरोबर असेन तेव्हा.

ती उठून बूट पुसायला लागली. असं काम काढून बसणं मला उलट बोलण्यापेक्षा जास्त खुपतं.

११ जानेवारी

तिच्या मनगटावरचं ते उपग्रहाचं घड्याळ काढून घेतलं. दहा पावलं पळली की मनगट बघते. किती अंतर झालं, काय वेग पडला, सगळं ते घड्याळच सांगायला लागलं तर कोच हवा कशाला? इटेनच्या बाजारात अशा घड्याळाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. आलेल्या पैशात गोठ्याच्या भिंतीचं सिमेंट आणलं.

माझं जुनं स्टॉपवॉच पुरेसं आहे. अंतर मी मोटरसायकलच्या मीटरवर पक्कं मोजून ठेवलंय. बिवोतच्या हॉटेलापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आठ किलोमीटर, परत आठ, एकूण सोळा. रस्ता काही रोज लांब-आखूड होत नाही.

वेग काढणं लोकांना फार मोठी विद्या वाटते. ताशी किती, हा हिशेब गाडीवाल्यांचा. पळणाऱ्याला एका किलोमीटरला किती मिनिटं लागली ते हवं. मिनिटांना किलोमीटरनं भागायचं, संपलं. फक्त उत्तर अपूर्णांकात आलं की अडाणी माणसं तोंडावर आपटतात. बिवोत अजून म्हणतो, चार पूर्णांक पाच म्हणजे चार मिनिटं पाच सेकंद. अरे, अर्धं मिनिट ते! तीस सेकंद! हा माणूस हॉटेल कसं चालवतो कोण जाणे.

आज बासष्ट मिनिटं. भागिले सोळा. किलोमीटरला तीन मिनिटं बावन्न सेकंद. बरं आहे, पण मी तसं म्हणालो नाही. बरं म्हटलं की बायका सैल पडतात.

१९ जानेवारी

आत्तापर्यंत मी तिच्या मागोमाग मोटरसायकलवरून जात होतो. आज तिनंच विषय काढला. किबोर, माझा धाकटा भाऊ, कामाशिवाय घरी बसून आहे. "भाऊजींना गाडी द्या ना कोच. भाडी मारतील. माझ्यामागं थंडीत पेट्रोल कशाला जाळता? घड्याळ तर तुमच्याच हातात आहे."

बोलणं अगदी मुद्द्याचं होतं. एवढी अक्कल तिला कधी आली ते कळलं नाही. सकाळच्या गारठ्यात माझे गुडघेही धरतात. आजपासून मी बिवोतच्या बाकावर. ती निघाली की बटण दाबायचं, परत आली की दाबायचं. मधल्या वेळात चहा.

२ फेब्रुवारी

सहासष्ट मिनिटं! किलोमीटरला चार मिनिटांच्या वर! तीन आठवड्यांत एवढी घसरण!

आणि आली ती घामानं निथळत, गालांवर मिठाचे पांढरे ओघळ. एवढ्या मंद पळण्याला एवढा घाम म्हणजे आतून पोकळ झाली. सगळ्यांसमोर चांगली धुतली तिला. बाकावरची मंडळी बुटांकडे बघत बसली.

घरी येऊन तिनं दोन माणसांची मक्याची उगाली खाल्ली. आई पुन्हा वाढत होती. मी म्हणालो, "हिला काय खुराक देतेस? हिचा वेग बघ आधी." आई म्हणाली, "तुझं घड्याळ तू बघ, माझी चूल मी बघते." या घरात माझ्या बाजूचं कुणी नाही.

७ फेब्रुवारी

आईनं कुठूनतरी नवा तुंबा आणलाय. आतून जळक्या लाकडाचा कोळसा फासून, धुऊन, पुन्हा फासून चाललंय. मुरसिक घालायचं म्हणे त्यात. मी विचारलं, "कुणासाठी?" आमच्याकडं असा नवा तुंबा शर्यत जिंकून आलेल्याच्या स्वागताला काढतात. विमानतळावर सगळ्यांच्या देखत त्या आंबवलेल्या दुधाचा पहिला घोट पाजायचा. आमच्या घरी कोण जिंकणार आहे? गाय?

"तुंबा मुरायला वेळ लागतो," आई म्हणाली. "आधीपासून तयारी केलेली बरी."

वय झालं तिचं.

१५ फेब्रुवारी

आज तिला पकडली. मोज्यांना सुरूच्या काड्या चिकटलेल्या. टाकीच्या रस्त्याला सुरूचं झाड औषधालाही नाही. सुरू आहेत ते टाकीपलीकडच्या जंगलात.

"जंगलात काय करत होतीस?"

तिनं मोज्यावरची काडी उपटून टाकली. मग म्हणाली, "बसले होते, कोच. जरा सावलीत. पाय उचलत नव्हते."

म्हणजे मी थंडीत घड्याळ धरून कुडकुडतोय आणि ही राणी झाडाखाली बसलीय! तिडीक डोक्यात गेली. हात उचलला. नुसता उचलला, मारलं नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. आई तुंबा घेऊन दारात उभी होती. "खाली घे," म्हणाली. आवाजही चढवला नाही. मी घेतला, तो आईचा मान राखायचा म्हणून.

जेरुतो जागची हलली नव्हती. डोळे माझ्या हातावर नव्हते, गळ्यातल्या किल्लीवर होते.

२२ फेब्रुवारी

सत्तर मिनिटं. चार बावीस.

वर बिवोतचा आगाऊपणा. त्याच्या हॉटेलात पळणारी पोरं चहाला येतात, त्यांनी त्याला काहीतरी भरवलेलं. चहा ठेवता ठेवता म्हणाला, "लागात, तुझ्या बायकोनं आज जंगलाच्या चढावर आमच्या पोरांना मागं टाकलं म्हणे. बस निघून जावी तशी गेली."

मी शांतपणे विचारलं, "पोरं किती वेगानं पळत होती?"

"तीन चाळीस."

"आणि माझ्या बायकोचा वेग चार बावीस. चार बावीसवाली तीन चाळीसवाल्यांना मागं कशी टाकेल, सांग की. गणित येतं का तुला?"

"पिवळा टी-शर्ट होता. खांद्याला भोक."

"पिवळे टी-शर्ट काय तिच्या एकटीकडेच आहेत?"

बिवोतनं फडक्यानं टेबल पुसलं. मग म्हणाला, "चहा निवला तुझा." या माणसाचा माझ्या संसारावर डोळा आहे असा मला पूर्वीपासून संशय आहे. उद्यापासून त्याच्यावर लक्ष ठेवणार.

२७ फेब्रुवारी

बिवोतवर लक्ष ठेवलं. दिवसभर भांडी घासत होता.

४ मार्च

नवे बूट दोन महिन्यांच्या आत फाटले. तळ गुळगुळीत. पाय घासत पळते, दुसरं काय! वेग नाही आणि बुटांची नासाडी मात्र चँपियनची.

रोज संध्याकाळी मात्र न चुकता विचारते, "किती आलं, कोच?" मी मांडून दाखवतो. आज म्हणाली, "म्हणजे मिनिटं वाढली की वेग पडला. बरोबर ना?"

"बरोबर."

"आणि किलोमीटर वाढले तर?"

"किलोमीटर कसे वाढतील, मूर्ख? रस्ता तोच आहे ना?"

"हो की," म्हणाली, आणि टी-शर्टात तोंड खुपसलं. खांदे हलत होते. मला वाटलं, चला, आता तरी हिला रडू येतंय.

किबोर कोपऱ्यात बसला होता, तो एकदम उठून बाहेर गेला. भाऊ माझा, पण वहिनीचं जरा काही झालं की याचाच जीव कालवतो.

१८ मार्च

बहात्तर मिनिटं. भागिले सोळा. साडेचार. या वेगानं आमची दूधवाली डोक्यावर कॅन घेऊन जाईल.

दुपारी एजंटचा फोन. हा नैरोबीत बसून खेळाडूंना परदेशात पाठवतो. विचारत होता, जेरुतोचं कसं चाललंय. मी सांगितलं, संपली. आकडेच वाचून दाखवले. तो म्हणाला, "अरेरे. म्हणजे आता तुम्ही तिचे कोच नाही, असं धरू का?"

"साडेचारच्या बाईचा कोच म्हणून माझं नाव चुकूनही कुठं सांगू नका!"

"नाही सांगत," तो म्हणाला. "नक्की ना? लिहून ठेवतो तसं."

"मोठ्या अक्षरात लिहा."

सभ्य माणूस आहे. दोनदा आभार मानले.

२५ मार्च

आज तिला माहेरी लावून दिली, खाली केरियोच्या खोऱ्यात. जी पळत नाही तिला पळणाऱ्याचा खुराक मी का घालू? तिथं तिच्या आईच्या शेळ्या राखेल. वेग त्यांना पुरेल.

ट्रंक उघडून तिचं सगळं किडूकमिडूक बाहेर काढलं. पदकं मी ठेवली, ती कोचची असतात. पासपोर्ट हाताला लागला तेव्हा मला हसू आवरेना. सगळ्यांसमोर तिच्या हातात ठेवला. "घे, आठवण म्हणून ठेव. आता या पासपोर्टवर केरियो खोऱ्याच्या पुढं कुठं जाता येणार नाही!"

कुणी हसलं नाही. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. उघडूनही बघितला नाही, सरळ झग्याच्या आत, छातीशी ठेवला. मला वाटलं होतं रडेल, पाया पडेल, आणखी एक महिना मागेल. एक महिना मी दिलाही असता. मनाची तयारी केली होती मी तेवढी.

किबोरच्या मागे बसताना म्हणाली, "येते, लागात."

कोच नाही. लागात. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि गाडी वळणाआड गेली.

किबोर अंधार पडल्यावर परतला. खोऱ्यात उतरून यायला एवढा वेळ? म्हणाला, पंक्चर. चाकाला लाल माती होती ती एल्दोरेत शहराकडच्या रस्त्याची. भाडं मिळालं असेल, पैसे लपवतोय.

२ एप्रिल

काही विशेष नाही. सकाळी सवयीनं बिवोतकडं जाऊन बसलो. बटण दाबलं आणि मग लक्षात आलं. बंद केलं. चहा प्यायलो.

१४ एप्रिल

खालच्या आळीतल्या चेलांगाकडं गेलो होतो. त्याची मुलगी चांगली पळते म्हणतात. म्हटलं, माझ्या हाताखाली दे, सोनं करतो. चेलांगा दारातूनच म्हणाला, "तुमच्याकडं उपग्रहाचं घड्याळ आहे का हो?"

मी म्हणालो, घड्याळ काय करायचंय, माझ्याकडं वीस वर्षांचा अनुभव आहे.

आतून मुलगी हसली. बसा म्हणालं नाही कुणी.

५ मे

हे लिहावं की नाही, दुपारपासून विचार करतोय. पण वही सुरू केली ती पुराव्यासाठी. तेव्हा लिहितो.

बिवोतच्या टीव्हीवर कुठल्याशा परदेशी शहरातली अर्ध्या मॅरेथॉनची, म्हणजे एकवीस किलोमीटरची, शर्यत लागली होती. हॉटेल खच्चून भरलेलं. मी नेहमीच्या बाकावर. शेवटी पुढं दोघीच उरल्या, एक इथिओपियाची आणि एक आपली. आपली जी होती ती हात जरा खाली धरून, डावा खांदा पुढं काढून पळत होती. तसा खांदा काढू नकोस म्हणून मी तीन वर्षं घसा फोडलाय.

पडद्यावर नाव आलं. जेरुतो चेसांग. बापाचं नाव. माझं कुठंच नाही.

शेवटच्या वळणावर तिनं इथिओपियावालीला अशी मागं सोडली की हॉटेलातली बाकडी उलटली. सदुसष्ट मिनिटं आणि वर काही सेकंद. सगळे ओरडत, नाचत होते. मग एकेकाला मी तिथं असल्याचं आठवलं आणि ओरडणं विरलं.

माझं डोकं मात्र सवयीनं भागाकार करून मोकळं झालेलं. किलोमीटरला तीन मिनिटं बारा सेकंद.

"अंतर कमी असणार," मी म्हणालो.

"मोजतात रे ते," बिवोत म्हणाला. तो चिडवत नव्हता. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. "अंतर मोजल्याशिवाय कुणी वेग सांगतं का?"

चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. मी ते बाकावर आपटून आलो.

किबोरच्या हातातून गाडीची चावी हिसकावली आणि टाकीपर्यंत गेलो. मीटर बघत. आठ. अगदी बरोबर. तिथं थांबून सिगरेट पेटवली आणि बघतो तर टाकीच्या मागून एक पायवाट निघालेली. गवत पार झिजलेलं, खालची माती उघडी पडलेली. शेकडो वेळा पाय पडल्याशिवाय अशी वाट होत नाही. गाडी तीवर घातली. सुरूचं जंगल, एक चढ, सालिनाच्या कॅम्पाचं निळं फाटक, मग उतार आणि पुन्हा टाकी. मीटरवर चार किलोमीटर. मधेच टाकीकडं वळणारी एक आखूड वाटही दिसली, सुरुवातीला तीच धरत असणार.

जाताना आठ, हे चार, येताना आठ.

तिथंच मातीत काडीनं मांडलं. बहात्तर भागिले वीस. तीन मिनिटं छत्तीस सेकंद. पुसून पुन्हा मांडलं. तेच. तेसुद्धा आमच्या या उंचीवर, जिथं बाहेरून आलेल्याला जिना चढता येत नाही.

फाटकाजवळून सात-आठ बायका पळत आल्या. मला ओळखलं त्यांनी. कुणी वेग कमी केला नाही की वाढवला नाही. मी खिशातलं स्टॉपवॉच काढलं होतं, ते परत ठेवलं.

गाडीचा मीटर बिघडलेला असणार. किबोर काय धसमुसळेपणानं चालवतो ते मला माहीत आहे. उद्या दाखवून आणायचा.

६ मे

मेकॅनिक म्हणतो मीटर ठीक आहे. त्याला काही कळत नाही.

९ मे

सकाळी उठलो तर आई घरात नाही. किबोर नाही, गाडी नाही. चुलीवरच्या खुंटीवरचा तुंबाही नाही.

दुपारी दोघं परतली. आईनं चर्चला जायचा झगा घातलेला, डोक्याला नवा रुमाल. एल्दोरेतच्या विमानतळावर गेली होती म्हणे. तिथं सालिना होती, पंधरा बायका होत्या, रेडिओवाले होते. पहिला घोट आईनं पाजला. माझ्या आईनं!

"तुला सगळं माहीत होतं," मी म्हणालो.

"मोजे मीच धुवत होते," आई म्हणाली.

किबोरकडं बघितलं. तो गाडी पुसत होता. जानेवारीपासून सगळं घर, सगळं हॉटेल, जंगलात पळणारं प्रत्येक माणूस! आणि एकानं मला सांगू नये? बिवोतनं सांगितलं होतं म्हणा. पण सांगायची काही रीत असते.

"इथं कधी येणार आहे?"

"इथं?" आई म्हणाली. "इथं कशाला येईल? सालिनाकडं राहणार आहे. तिथं कुणाचं काही कुलपात नसतं."

 मग विचारलं, विचारायला नको होतं, पण विचारलं. "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

आई तुंब्याची दोरी सोडत होती. "मीच विचारलं तिला. म्हटलं, पोरी, रोज याच्या डोळ्यांसमोरून जात होतीस, भीती नाही वाटली? तर म्हणाली, भीती एकाच गोष्टीची वाटायची. एखाद्या दिवशी त्यांचा भागाकार चुकेल आणि मी चांगली पळतेय असं उत्तर येईल. पण आई, तो कधीच चुकला नाही. त्याच भरवशावर सुटले."

हे मी तिच्या शब्दांत जसंच्या तसं लिहून ठेवतोय. भागाकार कधीच चुकला नाही, हे तिनं स्वतः कबूल केलंय, साक्षीला आई आणि किबोर. आता बिवोतच्या बाकावर कुणी तोंड उघडलं तर ही वही दाखवीन.

मग आईला विचारलं, एखादा घोट उरलाय का. आईनं तुंबा माझ्यासमोर उलटा करून दाखवला आणि धुवायला घेऊन गेली.